उजव्या हाताची जागा

४ मार्च २००४, गुरुवार

तीन वेळा रडला! पहिल्या अर्ध्या तासात नायक तीन वेळा रडला आणि तिन्ही वेळा मागे व्हायोलिन. तिसऱ्या वेळेला मी भोपळ्याच्या बियांची पुडी उघडली. शेजारची बाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. बघू दे.

एकतीस वर्षं मी ट्रंक कॉलच्या टेबलावर काढली. तार जोडून दिली की कानाचं यंत्र काढून ठेवायचं, असा नियम होता. कोण काढतो! अर्ध्या कैरोचं रडणं मी ऐकलं आहे. खरा रडणारा आधी गप्प होतो. इतका गप्प, की आम्हाला वाटायचं लाइन तुटली. खोटा रडणारा आधी आवाज काढतो, मग डोळे पुसतो. एवढी एक गोष्ट ह्या नटांना कुणी सांगत नाही.

आणि सिनेमातली माणसं फोन ठेवताना निरोप का घेत नाहीत? आमच्याकडे तर निरोप घ्यायलाच तीन मिनिटं लागायची.

५ मार्च

अलेक्झांड्रियाहून रीहामचा फोन. ‘बाबा, पेन्शनीत गेलेला माणूस सिनेमावर एवढा चिडतो?’ म्हटलं, चिडत नाही, परीक्षण करतो. पोरगी हसली. आईसारखी हसते.

११ मार्च, गुरुवार

आजचा बरा होता. नर्सला माहीत असतं की म्हाताऱ्याचा मुलगा वारला आहे. म्हातारा तिला रोज त्याच मुलाच्या खोड्या सांगतो आणि ती त्याची उशी नीट करत राहते. एकाला माहीत असतं आणि तो बोलत नाही – बस, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा राहतो. त्याला ना पाऊस लागतो, ना पिस्तूल.

शेवटी मात्र माती केली. वीस वर्षं ताटातूट झालेले दोन भाऊ ऐन वेळी, ऐन दारात समोरासमोर! मिठी! अश्रू! असले योगायोग लिहिणाऱ्याला महिनाभर आमच्या टेबलावर बसवायला हवा. माणसं एकाच शहरात, नाईलच्या ह्या आणि त्या काठाला राहतात आणि अकरा वर्षं एकमेकांना भेटत नाहीत. कुणी दारात येत नाही. मला विचारा.

समेटाचा प्रसंग मला आजवर एकाही सिनेमात पटलेला नाही. पटणारही नाही.

१४ मार्च

आमच्याच गल्लीत शूटिंग! खरंच. नेर्मीन नावाची चटपटीत मुलगी आली होती, दिग्दर्शकाची मदतनीस. इमारतीच्या दारापुढे दुखवट्याची कनात लावायची आहे म्हणे. राखणदार बखीतने आधी नाक मुरडलं. दारात खोटी कनात म्हणजे अपशकुन, म्हणाला. मग नेर्मीनने त्याला कोपऱ्यावर गाड्या अडवायचं काम दिलं, तेव्हा अपशकुन कुठल्या कुठे पळाला.

१७ मार्च

तालीम बघायला खाली उतरलो. नुसतं बघायला, असं ठरवून. एका माणसाने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि अगदी सवयीने म्हणाला, ‘तुमच्या घरी कॉफी कायम असो!’

मेलेल्याच्या घरी! कायम असो!

माझ्याच्याने राहवलं नाही. पुढे झालो आणि सांगितलं – दुखवट्याची कॉफी बिनसाखरेची, पिणारा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पेला ठेवतो नि उठतो. घरचे लोक दारापासून ओळीत उभे, सगळ्यात जवळचा टोकाला. येणारा प्रत्येक हात दाबतो. रडायचं असेल तर घरी जाऊन. दिग्दर्शक पोरगेलासा आहे, पण ऐकून घेणारा. नेर्मीनला म्हणाला, उस्ताद शौकींनाच ओळीत उभं करा ना, टोकाला, चेहरा छान आहे.

चेहरा छान आहे. रीहामला कळवलं पाहिजे.

२१ मार्च

हो म्हणून बसलो, आणि आता नको वाटतंय.

अशा ओळीत मी शेवटचा उभा राहिलो तो माझी बायको सौसन गेली तेव्हा. ह्याच दारात. सकाळी गेली, दुपारी दफन, संध्याकाळी कनात. ओळीत मी होतो, तिचे भाऊ होते, चुलते होते. माझ्या उजव्या हाताची जागा हिल्मीची. सख्खा भाऊ, धाकटा. ती जागा मी धरून ठेवली. लोक हात दाबून जात होते आणि मी दर वेळी रस्त्याकडे बघत होतो. तो तेव्हा सुवेझला होता, बंदरावर वीजतंत्री. दुपारीच निरोप गेला होता.

तो आला तेव्हा गालिचे गुंडाळून झाले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘आता कशाला आलास? कनात उतरली.’ तो मागच्या मागे वळला. रस्त्यात ट्रक उलटला होता, चार तास वाट बंद होती, हे मला आठवड्याने कळलं. तेव्हाच जायला हवं होतं. नाही गेलो. त्याची दोन पत्रं आली, तीही फोडली नाहीत. माझं चुकलं. हे ह्या वहीत लिहायलाही मला अकरा वर्षं लागली.

उद्या नेर्मीनला नाही सांगतो.

२२ मार्च

नाही सांगितलं नाही. इस्त्रीला कोट दिला.

२३ मार्च, मंगळवार

फार उशीर झालाय. पण आजच लिहायला हवं.

दुपारी चारला सुरुवात. वरून जाड कापड टाकून आत रात्र केली होती. दिवे, गालिचे, सोनेरी खुर्च्या – सगळं जसंच्या तसं. ओळीत मी टोकाला. मेलेल्याचा मुलगा झालेला नट माझ्या उजव्या हाताला उभा राहणार होता, तो वेळेवर आलाच नाही. नेर्मीन म्हणाली, कडेचा भाग आहे, तूर्त राहू द्या मोकळं.

दोनदा घेऊन झालं. मधेच एक भलतीच गंमत. ट्रामच्या थांब्यावरून कुणी गृहस्थ आले, ओळीतल्या सगळ्यांचे हात दाबले, बसले, कॉफी प्यायले, उठून गेले. कोण वारलं हेही विचारलं नाही! रस्त्यात कनात दिसली की दोन मिनिटं आत जायचं, हा आपला धर्म. दिग्दर्शक खूष. मागच्या गल्लीतल्या दोघीतिघी तर काळे कपडे घालून बायकांकडच्या बैठकीला निघाल्या होत्या. त्यांना जिन्यातून परत पाठवलं.

तिसऱ्यांदा कॅमेरा सुरू झाला आणि दारातून हुंदक्यांचा आवाज आला. मला वाटलं, आला कुणी हौशी! एक माणूस मान खाली घालून ओळीने येत होता, तपकिरी कोट, पांढरे केस. प्रत्येकाचा हात दाबत होता, मोठमोठ्याने रडत होता. माझा हात हातात घेतला. दुखवट्याला म्हणतात तसं म्हणाला, ‘गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.’ मग मान वर केली.

हिल्मी.

किती म्हातारा झालाय!

‘मला वाटलं, तू गेलास,’ तो म्हणाला.

त्याने माझा हात सोडला नाही. पुढे खुर्च्यांकडे जायचं असतं, तो गेला नाही. वळला, आणि माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. त्या मोकळ्या जागेत. हुंदके थांबले होते. नुसतं पाणी वाहत होतं आणि तो समोर बघत होता. मागची माणसं येत राहिली, माझा हात दाबत, मग त्याचा. आम्ही दोघे सौसनचा दुखवटा घेत होतो. मला तरी तसंच वाटलं.

दिग्दर्शकाने थांबवलं. तपकिरी कोटवाला कुणी आणला, म्हणाला. उभा राहिला ते छान, पण आत येतानाचं रडणं फार झालं, कुणाला पटणार नाही. माझा पारा चढला. त्याला म्हटलं, बाळा, एकतीस वर्षं मी ह्या शहराचं रडणं ऐकलंय. हे खरं आहे. माझ्याकडून लिहून घे.

२४ मार्च

काल हिल्मी वर आला. चहा घेतला. शुब्रा भागातल्या कुणा जुन्या मित्राने त्याला फोन केला होता – शौकीच्या दारात कनात लागली आहे. एवढंच सांगून ठेवला. (बघा! निरोप न घेता!) तो नाईलपलीकडच्या इम्बाबाहून टॅक्सीने निघाला. पूर्ण रस्ताभर मी मेलेलो होतो म्हणे.

‘ह्या वेळी कनात उतरायच्या आत पोचायचं ठरवलं होतं,’ म्हणाला आणि साखर ढवळत राहिला. मी माफी मागितली. मोठ्या भावाने मागावी तशी नाही, नीट मागितली.

२६ मार्च, शुक्रवार

हिल्मी जेवायला. मुलूखियाची पातळ पालेभाजी आणि ससा. मुलूखियात लसूण कमी पडला म्हणे. दोन्ही पत्रं काढून त्याच्यापुढे ठेवली, न फोडलेली. त्याने उलटून पाहिली. ‘दादा, आता नको वाचूस,’ म्हणाला. ‘त्यात मी फार चिडलोय.’ आणि खिशात घातली.

रीहाम फोनवर काकाशी अर्धा तास बोलली. शेवटच्या तीन मिनिटांत निरोप.

१ एप्रिल, गुरुवार

हिल्मीला घेऊन तीनच्या खेळाला. पुन्हा असं करायचं नाही! व्हायोलिन वाजायचा अवकाश, ह्याचा रुमाल बाहेर. आणि सिनेमा कसला, तर अगदी टुकार. आंधळी नायिका, चांगला डॉक्टर, वाईट चुलता.

बाहेर आल्यावर त्याला झोडपला. म्हटलं, एवढं ढोबळ नाटक दिसत नाही तुला? तो म्हणाला, ‘दिसतं ना. पण रडायला निमित्त लागतं, दादा. व्हायोलिन म्हणजे निमित्त. रडतो जो तो आपापलंच.’

ह्याला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. उसाचा रस त्याने पाजला, म्हणून सोडून दिलं.

८ एप्रिल

नेर्मीनचा फोन. तो प्रसंग सिनेमात राहिला आहे. दारातलं रडणं कापलं, हिल्मी माझ्या बाजूला उभा राहतो तिथून ठेवलं. दिग्दर्शक म्हणतो, पूर्ण सिनेमात तेवढंच खरं वाटतं.

समेटाचा प्रसंग! पटणारा! माझाच नियम मोडावा लागणार. पण मोडतो. योगायोग खरा असेल, तर तो चालतो. नवा नियम.

१२ एप्रिल, वसंताचा सण

सकाळी बखीतला सणाची रंगवलेली अंडी द्यायला खाली गेलो. त्याने सहज विचारलं, हिल्मी हाजींना सिनेमावाल्यांनी किती दिवस आधी ठरवलं होतं? म्हटलं, ठरवलं कुठे, त्याला वाटलं मी मेलो. बखीतने हातातलं अंडं खाली ठेवलं.

‘अहो उस्ताद, मी त्यांना कोपऱ्यावरच सांगितलं. सिनेमा आहे, सगळे जिवंत आहेत, शौकीसाहेब आत ओळीत उभे आहेत. तर तिथंच पायरीवर मटकन बसले. पाणी दिलं मी. बराच वेळ बसून होते. मग विचारलं, त्याच्या उजव्या हाताला कोण आहे? मी बघून आलो, म्हटलं, कुणी नाही. तेव्हा उठले, कोटाची बटणं लावली आणि गेले आत. रडायला लागले ते कनातीच्या दारात.’

खालून बेल वाजते आहे. सणाच्या खारवलेल्या मासळीचा वास जिन्यातूनच वर येतोय, म्हणजे हिल्मीच. वही बंद करतो. मला काहीही माहीत नाही.