उष्णतेवर शेक

प्रिय दादा,

आज वहिनीनं मला कपडे धुवायच्या मोगरीनं झोडपलं. उजवा खांदा सुजलाय, म्हणून अक्षर वाकडं येतंय, समजून घे. तू गेल्यापासून तुझ्याशी बोलायची माझी हिंमत नव्हती. मार खाल्ल्यावर ती आली.

झालं असं, की यवतमाळहून एक मुलगी आली होती. पेशंटला त्याच्या आजाराची माहिती कोण देतं, उपचार ठरवताना त्याला कोणी विचारतं का, यावर संशोधन करते म्हणे. अंगणात बसून तिनं वहिनीला विचारलं, "तुमच्या मिस्टरांना आपला आजार माहीत होता का?"

"मालूम व्हता ना," वहिनी म्हणाली. "उष्णता व्हती तोंडात. दवाखान्यातल्या लोकायनं शेक देऊ देऊ भाजून मारलं त्यायले."

वहिनीनं दिलेली तुझी दवाखान्याची फाईल त्या मुलीनं चाळली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिचे कागद हिसकावून फाडले, खुर्चीला लाथ घातली, निघ म्हणालो. ती उठली, पण गेली नाही. म्हणाली, "काका, वहिनींचं तोंड पाहिलंत का? बोलताना नीट उघडत नाही."

पाहिलं होतं, दादा. दोन महिन्यांपासून पाहत होतो. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. तूच तर लावलीस तिला खर्ऱ्याची सवय! वेल्डिंगच्या दुकानातून आलास की ती सुपारी-तंबाखूची पुडी दोघं वाटून खायचात. आता दवाखान्याचं नाव काढलं की ती अंगावर येते, "मलेबी भाजून मारता काय?" आणि मी विषय सोडून देतो.

कारण तुझा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना आत बोलवा, त्यांच्यासमोरच बोलू." मी दार लावून घेतलं आणि त्यांच्या टेबलावर मूठ आपटली. "त्याले कॅन्सर म्हनून सांगितलं त पाहा. धास्तीनंच मरन तो. जे सांगाचं ते मले सांगा."

"आजार त्यांचा आहे," डॉक्टर म्हणाले.

"भाऊ माहा हाय," मी म्हणालो.

बाहेर तू विचारलंस, "काय म्हनते रे?" मी म्हणालो, "काही नाही, तोंडात उष्णता हाय. शेक घ्या लागते काही दिवस." किती सहज बोललो! मला वाटलं, मी तुला वाचवलं. साऱ्या मारेगावातले नांगर जोडून देणाऱ्या माणसाला मी उष्णता म्हणजे काय ते शिकवत होतो.

शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, मशीनमध्ये तू बावीस वेळा गेलास. गालाची, गळ्याची कातडी काळी पडली, सोलून निघाली. पाचव्या आठवड्यात वॉर्डातून पळालास. मी तुला एसटी स्टँडवर गाठलं, तर तू हातगाडीवर सब्जाचं थंड सरबत पीत उभा! मी तुझ्या त्याच भाजलेल्या गालावर थप्पड ओढली. ग्लास फुटला. लोक जमले. तुझ्या कातडीचा ओलसरपणा माझ्या तळव्याला लागला, तो मी पँटला पुसला.

तू म्हणालास, "मारून घे. पन उष्णतेवर कोनी शेक देते काय? येडा समजतं काय मले?"

बरोबरच होतं ना तुझं. मी सांगितलेल्या आजारावर तू अगदी योग्य इलाज करत होतास. गुलकंद, सब्जा, थंड दूध. त्या वेळी एक शब्द खरा बोललो असतो तर तू परत वॉर्डात आला असतास का? की तुला सगळं कळलं होतं आणि तूच मला सांभाळून घेत होतास? हे विचारायला मला कुठलीच जागा उरलेली नाही.

तू गेलास त्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन त्याच डॉक्टरांची कॉलर धरली. भिंतीवर आपटलं त्यांना. चष्मा खाली पडला, तो बुटानं चुरडला. ओठ फुटला होता, तरी ते एवढंच म्हणाले, "त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही तुम्ही." त्यावर मी आणखी एक ठोसा घातला.

आज ती मुलगी गेल्यावर वहिनीनं विचारलं, "त्या फाईलीत काय लिवलं हाय?" मी सांगितलं. कॅन्सर. तो शब्द या घरात पहिल्यांदाच बोलला गेला. ती उठली, न्हाणीतून मोगरी घेऊन आली आणि सुरू झाली. "मी त्यायले गुलकंद चारत बसली! मले इचारलं असतं त पाय बांधून नेलं असतं मी त्यायले. तुमी कोन ठरवनारे?" मी हात आडवा केला नाही.

दमली तेव्हा मोगरी हातातच ठेवून म्हणाली, "अन मले काय झालं? आता खोटं बोलसान त डोक्स्यात हानीन."

"मले मालूम नाही, वयनी. डॉक्टर सांगतीन."

"कोनाले सांगतीन?"

"तुमाले."

"तुमाले आदी नाही ना?"

"नाही."

दादा, उद्या सकाळच्या गाडीनं वहिनीला घेऊन निघतोय. त्या डॉक्टरांचे पाय धरीन. त्यांनी पोलीस बोलावले तर जाईन त्यांच्यासोबत. पण तुला शब्द देतो, वहिनीचं नाव पुकारलं की ती एकटी आत जाईल आणि मी दाराबाहेर थांबेन. बाहेर आल्यावर सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. नाही वाटलं, तर मी विचारणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेला,
सुनील