बंड्याची आठ नखं

१२ फेब्रु. ८६, बुध.
काल सुमनचं तेरावं झालं. पाहुणे गेले. आज कामावर हजर. संध्याकाळी घरी आलो तर बंड्या पिंजऱ्यात उलटा लोंबकळत होता. पिंजऱ्यावरच्या फडक्याच्या धाग्यात नख अडकलेलं. धागा कापून सोडवला. चावला. सुतकात नखं कापत नाहीत. दहाव्याला न्हाव्याने माझी काढली, पोपटाची कोण काढणार? आकड्यासारखी झालीत. चोचही लांब वाटते. हे सगळं सु. करायची. मी पेपर वाचत बसायचो. कधी पाहिलंच नाही.

१६ फेब्रु., रवि.
नखं कापायला घेतली. कारखान्यातले चामडी हातमोजे घालून. बंड्याचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या परबवहिनी धावत आल्या. "अवो भाऊ, कोंबो नाय तो! छाती दाबू नकात, जीव जातलो तेचो!" सोडला. तोवर एक नख जास्त कापलं गेलेलं, रक्त. दाढीच्या तुरटीची पूड दाबून धरली. थांबलं.
दुपारी लेक शोभा आली मुलुंडहून. फरशीवरचे थेंब पाहिले. "बाबा, आई गेली. आता याला पण घालवायचाय का?" दोन आठवड्यांनी ती आणि जावई येणार. नखं नीट नसली तर पिंजरा नेणार. तिचं चुकलं नाही. पण बंड्या गेला तर या घरात…

१८ फेब्रु., मंगळ.
अर्धी रजा. जनावरांच्या डॉक्टरकडे. तरुण आहे. "चोचीला घरी हात लावू नका. पेरूची फांदी द्या, कुरतडून झिजेल. नाहीच झिजली तर इकडे आणा. नखाचं फक्त टोक. काळ्या नखात शीर दिसत नाही." मग म्हणाला, "इतका तुकतुकीत पोपट क्वचित येतो. कोण सांभाळतं?"
म्हटलं, "आमची मंडळी."

२३ फेब्रु., रवि.
वहिनींनी धरायला शिकवलं. सु.च्या जुन्या सुती साडीचा तुकडा. मान दोन बोटांत, छाती मोकळी. "सुमनताय असाच धरी. आणि एका नखामागे एक भिजवलेली चणाडाळ." आज कापलं काही नाही. नुसता धरला आणि सोडला, पाच वेळा. पाचव्यांदा चावला नाही.

२८ फेब्रु., शुक्र.
सकाळी खिडकीच्या उजेडात उजवा पाय. टोकं तेवढीच, मग बारीक कानशीने गोल केली. चार नखं, चार डाळी. रक्ताचा थेंब नाही. तीस वर्षं कानस चालवली, साहेबाने चारचौघांत शाबासकी दिली, तेव्हासुद्धा इतकं…
वहिनींना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून चारही नखं तपासली. "हां. आता शोभतास सुमनतायचे घोव!"
कामावर उशीर झाला. कारण सांगितलं नाही. दिवसभर मजेत.

१ मार्च, शनि.
डावा पाय राहिलाय, उद्या शोभा येणार. पण शनिवारी नखं कापायची नाहीत, सु.चा नियम. मी हसायचो. आज पाळला. बंड्याने पेरूच्या फांदीची साल पार सोलून काढलीय.

२ मार्च, रवि.
सहाला उठलो. डावा पाय केला. जखमेचं नख नुसतं घासलं. आठही झाली. दांडीवर पाय कसे गच्च बसतात आता. पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. सु. गेल्यापासून बंड्या बोललेला नाही, आजही नाही. पण डाळ माझ्या हातातून घेतली.
पिंजरा पुसून खिडकीत ठेवला, पाय दिसतील असा. शोभा अकराला येईल. काय म्हणेल माहीत नाही.
वेळ होता. माझी नखं काढायला बसलो. डाव्या हाताची झाली. उजव्या हाताची सु. कापून द्यायची, डाव्या हाताने मला कापायला जमत नाही. आज डाव्यानेच कापली. फक्त टोकं, एकेक.