खिशातली चावी

बाबा,

कागदाच्या रेषेवरचं ते टेकाड नखाएवढं होतं. त्यापायी तुमचं आतल्या खोलीतलं काम गेलं. पुढे निवृत्त होईपर्यंत तुम्ही वेधशाळेची बाग शिंपत राहिलात.

पृथ्वीचं चुंबक मोजून त्याची रेष कागदावर उमटवायची ती खोली. आत लोखंड न्यायचं नाही, खिळेसुद्धा तांब्याचे. तुम्ही पट्टा, चावी फाटकाशीच काढून ठेवायचात. आणि मी, विशीतला शहाणा, नवी मोटरसायकल तुम्हाला दाखवायला थेट त्या खोलीच्या भिंतीला चिकटवून उभी करतो. तुम्ही धावत बाहेर येता. "अरे, तुला अक्कल हाय का न्हाय? एवढं लोखंड घेऊन आलास!" मी हसतो. "लोखंड सोडा बाबा, इंजिन ऐका." दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलो, तर साहेब तो कागद तुमच्यासमोर धरून उभे. तुम्ही म्हणालात, "खिशात चावी राहिली, साहेब." माझे कान तिखट, फाटकाशी उभं राहून सगळं ऐकलं आणि गप्प राहिलो.

आज उरणला माझे आठ ट्रेलर आहेत. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते बसल्या जागी सांगतो. सत्काराला उभा राहिलो की म्हणतो, "माझं बरंवाईट सगळं माझ्याच नावावर. दुसऱ्याच्या डोक्यावर कधी भार टाकला नाही." टाळ्या पडतात.

तुमची नात लडाखला दुर्बिणीवर असते. अंतराळातून येणारे विश्वकिरण कुठून निघतात ते शोधते. परवा फोनवर म्हणाली, "पप्पा, नुसतं नावच किरण, असतात ते विद्युतभारित कण. वाटेतली चुंबकक्षेत्रं त्यांना इतकी वळवतात, की ज्या दिशेनं येतात तिकडे त्यांचं घर नसतंच."

"मग घर सापडतं कसं?"

"घराजवळच ते वायूवर आदळले की गॅमा किरण निघतात. त्यांच्यावर भार नाही, म्हणून चुंबक त्यांना वळवत नाही. ते सरळ येतात. त्यांचा माग काढायचा."

"म्हणजे चोर बोळाबोळांतून पळाला, पण भांडं पडल्याचा आवाज सरळ आला."

"तुम्हीच या इकडे शिकवायला!" ती हसली. मग म्हणाली, "सुट्टीत आजोबांच्या वेधशाळेत गेले होते. तिथल्या लोकांनी एक जुना कागद दाखवला, फोटो पाठवलाय. आजोबा विसरभोळे होते का हो?"

"हो, जरा," मी म्हणालो.

हे पत्र खरं तर तिलाच द्यायला हवं. दोनदा घडी घातली, दोनदा उघडली. तूर्त ते ट्रेलरच्या कागदांखाली ठेवतो आहे.

फोटोत टेकाडाशेजारी शाईनं लिहिलंय, 'खिशात चावी'. खाली सही तुमची आहे.