हिरवळीबाबतचा माझा अर्ज

३० ऑगस्ट, शनिवार
स. ६.३० बागेत. गणपती बसून तीन दिवस झाले आणि आमची हिरवळ पार भादरून निघालीय. चौथ्या खळग्याभोवती तर टक्कलच. बायका पिशव्या घेऊन बसतात, दुर्वा खुडून नेतात.

काल व्याह्यांनी फोनवर विचारलं, गोल्फ खेळता म्हणे? म्हटलं, गोल्फचं शेपूट. लांब टोले नाहीत. बारीक कापलेलं गवत, नऊ खळगे, काठीने चेंडू हलकेच ढकलायचा. नवीन पनवेल वसलं तेव्हा कुणा हौशी साहेबाने तीन बागांत अशा हिरवळी करवून घेतल्या होत्या. स्टेशनकडची गेली, तिथे ओपन जिम. दुसरीवर पेव्हर ब्लॉक. उरली ही एक, आणि खेळणारा मी एक. जोडीला खेळणारे नाडकर्णी पुण्याला मुलाकडे गेले ते गेलेच.

जोमावर चिडलो. माळी कशाला ठेवलाय? तर म्हणतो, "देवाला जातंय, भाऊसाहेब. नाय कसं म्हनू?"

१ सप्टेंबर, सोमवार
महापालिकेच्या ऑफिसात अर्ज देऊन आलो. "हिरवळीची अत्यंत दुरवस्था झाली असून ती वापरण्यायोग्य राहिलेली नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." जरा वाढवून लिहिलं. वाढवल्याशिवाय फाइल हलत नाही, हे उभा जन्म कारकुनी केलेल्याला नाही तर कुणाला कळणार? हवंय एवढंच की बाजूने तारेचं कुंपण आणि जोमाला गवत कापायचं नवं यंत्र. त्याला बोललो नाही. झाल्यावर सांगू.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
टकलं भरत आली! जोमाने खाडीच्या बांधावरून हरळी आणून लावली. हरळी काय नि दुर्वा काय, एकच. मग चपला काढून, पावलाला पाऊल चिकटवत सगळी तुडवली. त्याच्या घरचं मिठागर होतं, तिथली जमीन अशीच पायांनी बसवायचे. ते विमानतळात गेलं. बादलीभर पाणी ओतून उकिडवा बघत बसला. "पानी सांगतं ना, कुठं उतार हाय त्यो."

चौथ्या खळग्यात चेंडू एका फटक्यात घातला. जोमाने टाळी दिली.

अर्ज परत घ्यावा असं येताना वाटलं. मग म्हटलं जाऊ दे, वाचतंय कोण.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
वाचला.

फाटकावर नोटीस लागलीय. जोमा तिच्यासमोर उभा. "चष्मा घरी राह्यला, भाऊसाहेब. जरा वाचा." हिरवळ काढून त्या जागी कृत्रिम गवत व सेल्फी पॉइंट. पण पहिलीच ओळ: संदर्भ, आणि पुढे माझं नाव, अर्जाची तारीख. ती ओळ मी गाळली. दुसरीपासून वाचत सुटलो, खणखणीत आवाजात.

"प्लास्टिकला पानी नाय लागत ना?"
"नाही."
"मंग मी पन नाय लागत."

मी काठी उचलली. चहा न घेताच घरी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
ऑफिसात जाऊन म्हटलं, अर्ज मागे घेतो. तिथल्या मॅडम हसल्या. "अहो काका, तुमच्या अर्जामुळेच तर मंजुरी आली. पब्लिक डिमांड म्हणून दाखवलंय. आता वर्क ऑर्डर निघाली." चहा मागवला त्यांनी. मी प्यायलो. स्वतःची इतकी लाज फार वर्षांत वाटली नव्हती.

सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणे, "त्याला सांगा, मला काय सांगताय? दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?"

उद्या सांगतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार
नाही सांगितलं. दिवाळी होती. सणासुदीचं कशाला.

खेळायलाही गेलो नाही. गुडघा दुखतो असं सांगून ठेवलंय. दुखत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
जोमा घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सोफ्यावर बस म्हटलं तरी टेकला नाही. "भाऊसाहेब, तुमी एक अर्ज लिवा. हिरवळ चांगली हाय म्हनून. तुमाला येतं लिवता." माझ्याकडे रोखून बघत होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. सौ. पाणी घेऊन आली नि मी म्हणालो, लिहितो.

कागद समोर आहे. 'विषय' एवढंच लिहून झालंय. काय लिहू? वापरण्यायोग्य नाही असं मीच तर...

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सोमवारी हिरवळ उखडायला यंत्र येणार, पक्कं. आज गेलो आणि सांगितलं. पहिला अर्ज माझा होता, जोमा. मला कुंपण हवं होतं रे.

तो पाणी घालत होता. पाइप खाली ठेवला नाही.

"ठावं हाय. नोटीस लागली त्याच सकालला नातीनं वाचून दावली व्हती. तुमी वाचाल म्हनून थांबलो व्हतो."

दुसऱ्यांदाही थांबला होता. माझ्या घरात, उभा.

मग पाइप ओढत पाचव्या खळग्याकडे गेला. मी बराच वेळ तिथेच. हाक मारली नाही त्याने, जा असंही म्हणाला नाही. सोमवारी उखडायचं आहे ते गवत नेहमीसारखं कडेपर्यंत भिजवत होता.

उद्याची आणि परवाची, दोन सकाळी उरल्यात. जाईन. तो बोलेल की नाही, ठाऊक नाही.