पाहुनीसमोर कोनी रडते का

आई,

आधी काय झालं ते सांगते.

१. उन्हाळ्यात माझ्या स्तनात गाठ निघाली. तुझ्यासारखीच.
२. ऑपरेशन झालं. औषधं चालू आहेत. डॉक्टरांना काळजी वाटत नाही.
३. मनातलं बोलायला म्हणून त्यांनी मला दवाखान्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मी गेले, "ठीक हूँ" म्हणाले, त्यांचं टेबल डुगडुगत होतं त्याखाली कागदाची घडी घातली आणि परत आले.
४. गुरुवारी पुन्हा बोलावलं आहे.

मी आता पोलादाच्या प्लांटमध्ये रेल्वेच्या रुळांच्या आतल्या भेगा शोधते. यंत्र लावलं की पोलाद सगळं सांगतं. माझं तसं होत नाही. बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर आपल्या सेक्टर 10 मधलं कोणीतरी बसलेलं असतंच, आणि संध्याकाळपर्यंत हिच्या डोक्यावरही परिणाम झाला अशी बातमी होते. पण मी गप्प बसले ते तेवढ्यासाठी नाही. त्या खुर्चीवर बसल्याबरोबर मी पाहुणी झाले, आणि पाहुण्यांनी कसं वागायचं हे मी तुझ्याकडून शिकले आहे.

तुझ्या आजारपणात दवाखान्यातून अशाच एक बाई घरी यायच्या. त्या आल्या की तू उठून पातळ बदलायचीस, मला पोहे करायला लावायचीस आणि "तुमच्या घरी कोन कोन हाये?" असं सुरू करायचीस. त्या बिचाऱ्या आपल्या सासूचं सांगून हलक्या होऊन जायच्या. मग तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मी एकदा चिडून विचारलं, "त्यांना का सांगत नाहीस?"

"पाहुनी हाये ते. पाहुनीसमोर कोनी रडते का? तिच्या घशाखाली पोहे तरी उतरतीन का मंग?"

नंतर एकदा त्या आल्या तेव्हा तू मेथी निवडत होतीस आणि मधेच तुझे हात थांबले. त्या खुर्चीवरून उठून खाली बसल्या. "लाइए, मैं कर देती हूँ." पाहुणीच्या हाती आपल्या घरात कधी काम दिलं नव्हतं. त्या दिवशी तू जुडी त्यांच्याकडे सरकवलीस. त्या देठांसकट तोडू लागल्या.

"अवो, डांडी नको घेऊ! सारी भाजी कडू करतं का?"

तू त्यांना 'तू' म्हणालीस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, तू मान खाली घालून मेथीच निवडते आहेस, आणि त्याच आवाजात म्हणतेस, "मले लय भेव लागते. मी गेली तं पोरीचं शिकनं सुटन." मग तू रडलीस, बराच वेळ. त्या पानं खुडत राहिल्या. जाताना मात्र फाटकाशी बाबांना थांबवून त्यांनी सगळं सांगितलं. तू गेल्यावरही माझं शिक्षण सुटलं नाही, आई. नातेवाईक स्थळं आणत राहिले, बाबा फिया भरत राहिले. तू त्या दिवशी बोललीस म्हणून. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

मलाही भीती वाटते. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी बाईंकडे निवडायला मेथी घेऊन जावं असं मनात आहे. दवाखान्यात ते वेड्यासारखं दिसेल, म्हणून तुला विचारते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि सुपेल्याच्या बाजारातून जुडी मी आजच आणून ओल्या फडक्यात ठेवली आहे. तरी बुधवार संध्याकाळपर्यंत कळव.