गुडघ्याच्या वर पाणी

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द या खेपेला शोभेचा नाही. मी खरोखरच फरशीवर पालथा पडून लिहितोय. कुठल्या फरशीवर, ते पुढे येईलच.) तुझा खांदा कसा आहे? हात वर नेताना दुखतो की खाली घेताना, हे तू मला फोनवर सांगितलं होतंस आणि मी विसरलो, तेव्हा दोन्हींची काळजी करतो. काकांची झोप, तुझी शिवणाची मशीन, समोरच्या बाल्कनीतली ती तुझी शत्रू, सगळे ठणठणीत असतील असं धरून चालतो, नाहीतर मुद्द्यावर यायला मला संध्याकाळ होईल. मी ठीक आहे. म्हणजे ठीक नाही. पण आईने विचारलं तर ठीक.

कॉलेज मी मध्येच सोडलं हे तुला ठाऊक आहेच. (सर म्हणाले, वर्गाबाहेर हो. मी झालो. अपमान एवढा झोंबला की पुन्हा आत गेलोच नाही. सर अजून हजेरी घेताना माझं नाव घेऊन दाराकडे बघतात म्हणे. बघू देत.) आई हल्ली ओळखीच्यांना सांगते की मुलगा पाण्याच्या क्षेत्रात आहे. तर ते क्षेत्र म्हणजे एक पोहण्याचा छोटा तलाव, एक उंच खुर्ची, एक शिट्टी आणि एक लाल टोपी. लोक बुडायला लागले की उडी मारायची, एवढंच काम. पण मावशी, इथे कोणी बुडतच नाही! दुपारच्या बायकांच्या बॅचला तर बुडायला फुरसतच नसते.

ही बॅच म्हणजे चौघीजणी. सगळ्या तुझ्या वयाच्या, म्हणजे तरुणच. पहिल्या हेडबाई, शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त व्हायचा राहिला. दुसऱ्या भूलवाल्या डॉक्टर. यांनी बोलायला सुरुवात केली की आपल्याला ऑपरेशनला घेतलंय असं वाटतं. तिसऱ्या केकवाल्या, ज्यांच्या बेकरीत सगळ्या वस्तू गोड आणि सगळे नोकर घाबरलेले असतात. आणि चौथ्या चष्मेवाल्या काकू, बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीण. चौघींनी पोहायला शिकण्याचे पैसे भरलेत. टोप्या आहेत, गॉगल आहेत, केकवाल्यांकडे तर नाकाला लावायचा चिमटासुद्धा आहे. आणि उथळ बाजूच्या कोपऱ्यात छातीभर पाण्यात गोल करून चौघी तासभर उभ्या राहून बोलतात. हात हलतात, पण ते बोलण्याला जोर यावा म्हणून.

काय बोलतात म्हणशील, तर सगळं. डॉक्टरांचा नवरा निवृत्त झाल्यापासून घरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावतो आणि आता साखर सापडत नाही. हेडबाई गाणं शिकतात, पण गुरूंनीच क्लासला यायचं सोडलंय. चौघींची एक डोंगरातली सहल ठरतेय, दर आठवड्याला डोंगर बदलतो, आणि परवा तर न झालेल्या सहलीत खिडकीची जागा कोणी बळकावली यावरून डॉक्टर आणि केकवाल्या यांच्यात अबोला झाला. ("मी तुला आधीच सांगितलं होतं मला गाडी लागते!" "अगं, आपण अजून गेलोच नाहीये!" "म्हणून काय झालं, स्वभाव दिसतोच की!") मी वरून ऐकतो. शपथेवर सांगतो, कॉलेजात एवढं शिकायला मिळालं असतं तर सोडलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. या चौघींचा एक नियम आहे: पाण्यातलं पाण्यात. पाण्यात उभं असताना काय वाट्टेल ते बोलावं, रडावं, सासूला नावं ठेवावीत, एकमेकींना नको ते ऐकवावं, पण शिडी चढून वर आलं की त्यातला एक शब्द कोरड्या जमिनीवर काढायचा नाही. कोणाजवळही नाही, आपापसातही नाही. पाण्यात केकवाल्यांना "तुझा केक म्हणजे गोड वीट" असं ऐकवलेल्या हेडबाई वर येऊन त्यांच्याच पर्समधला कंगवा मागतात. मला आधी हे कळलं नव्हतं. मी एकदा चांगुलपणाने डॉक्टरांना विचारलं, साखर सापडली का? मावशी, चौघींनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलंय.

आणि चष्मेवाल्या काकूंना एक मुलगी आहे. (आलं का लक्षात? तू हसलीस, मला इथे ऐकू आलं.) ती दुकानात डोळे तपासते. आईला न्यायला येते, पण पाण्याची इतकी धास्ती की ओल्या फरशीवरही पाय ठेवत नाही. बाहेर बाकावर पुस्तक घेऊन बसते. माझे डोळे उत्तम आहेत. तरी मी ते तपासायला जातो. सारखा जातो. अंधाऱ्या खोलीत ती माझ्या नाकावर जड लोखंडी चौकट ठेवते, काच बदलते आणि विचारते, हे बरं दिसतंय की हे? मी अक्षरांकडे कशाला बघतो! माझ्याकडे आता नको असलेले दोन चष्मे आहेत. चष्मा घातलेला जीवरक्षक बघून मॅनेजरने माझी खुर्ची पाण्याच्या आणखी जवळ सरकवलीय.

तर मंगळवारी मी खुर्चीवर बसलो होतो आणि खालून काकूंचा आवाज आला, की दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, जो स्वतःही दातांचा डॉक्टर आहे, तो रविवारी घरी चहाला येतोय, मुलीला भेटायला. "डोळे आणि दात एका छपराखाली, गिऱ्हाईक एका दारातून येईल," असंही त्या म्हणाल्या. मावशी, माझं डोकं तुला माहीत आहे. मी शिट्टी फुंकली. सगळी बॅच घाबरली, म्हणजे कोणीच घाबरलं नाही, चौघींनी फक्त वर बघून "आम्ही बोलतोय ना" असं खुणावलं. मग मी उडी मारली. टोपी, शिट्टी, पँट आणि एक चष्मा यांच्यासकट. चौघींच्या मधोमध वर आलो आणि नाकातून पाणी काढत म्हणालो, "काकू, माझं तुमच्या मुलीवर प्रेम आहे, आणि त्या दातवाल्याला मी बघून घेईन."

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर. चौघींना एवढा आनंद झाला की सहल, डबे, केक सगळं बाजूला पडलं. हेडबाईंनी माझी तोंडी परीक्षा घेतली. डॉक्टरांनी नाडी बघितली. केकवाल्यांनी विचारलं, रागावलास की भांडी फेकतोस का? मी म्हटलं, फेकत नाही, आपटतो. त्या म्हणाल्या, मग चालेल. आणि काकू, मावशी, खुद्द काकू पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मुलगा जरा माथेफिरू आहे, पण मला आवडला बाई." मी तरंगतच शिडी चढलो. वर आल्यावर काकूंना म्हटलं, मग रविवारचं काय? त्या केस पिळत म्हणाल्या, "कसला रविवार? तो टॉवेल दे जरा."

नियम, मावशी. नियम! बुधवारी पुन्हा पाण्यात विचारलं, पुन्हा हो. वर आल्या, पुन्हा टॉवेल. मुलीला तरी सांगा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, कोरड्यावर कसं सांगू, आणि ती पाण्यात येत नाही. गुरुवारी मी त्यांना आत येण्याच्या वाटेवर पाय धुवायची उथळ चरी आहे ना, तिच्यात गाठलं, आणि म्हटलं, हे पाणीच आहे, बोला. वाद पेटला. चौघी त्या चरीत ओळीने उभ्या राहिल्या, मागे दुसरी बॅच खोळंबली, आणि अखेर हेडबाईंनी निकाल दिला: गुडघ्याच्या वर असेल तर पाणी. गुडघ्याच्या खाली असेल तर ती कोरडी जमीन समजावी.

हा निकाल ऐकला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

आज शनिवार. मॅनेजर साडूकडे गेलाय, सोमवारी येईल. मी सकाळी उजाडताच तलावाच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला आणि बाकीच्या बॅचेसना सफाईची पाटी दाखवून परत पाठवलं. चौघी आल्या तेव्हा पाणी उथळ बाजूला कमरेपर्यंत उतरलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, पाणी कमी वाटतंय का गं? केकवाल्या म्हणाल्या, मी बारीक झालेय, त्याचा परिणाम. आणि गप्पा सुरू झाल्या. पाणी उतरत होतं, आणि मावशी, त्या चौघी, बोलण्याची लय न मोडता, पाण्याच्या मागे मागे सरकत होत्या! एकेक पाऊल. कमरेइतकं पाणी जिथे असेल तिथे. ज्या खोल बाजूकडे नुसतं बघूनही केकवाल्या चिमटा घट्ट करायच्या, तिथे चौघी गप्पा मारत चालत गेल्या. मी वरून श्वास रोखून बघत होतो. मांड्या. गुडघे. पोटऱ्या. घोटे. आणि काकू सांगत होत्या:

"…तर आमच्या बाईसाहेब काल म्हणतात, आई, त्या तलावावरच्या मुलाचे डोळे घारीसारखे आहेत, तरी तो मुद्दाम शेवटची ओळ चुकवतो, म्हणजे मी आणखी एक काच लावावी. मी म्हटलं, मग तू काय करतेस? तर म्हणे, लावते."

मी शिट्टी फुंकली आणि ओरडलो, "काकू, खाली बघा!"

चौघींनी खाली बघितलं. तळाशी केसांच्या पिना, एक हरवलेला गॉगल आणि बोटभर पाणी. एक किंकाळी झाली, मग सगळ्यांनी हेडबाईंकडे पाहिलं. त्या खाली वाकल्या, हाताने मापलं आणि जड आवाजात म्हणाल्या, "कोरडं धरावं लागेल." डॉक्टर तर हसून हसून तळाच्या जाळीवर बसल्याच. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "बरं. बोलले ते बोलले. दातवाल्याला उद्या चहा मिळेल, नुसता चहा. पण सोमवारी दुपारी माझं पाणी मला जागेवर दिसलं पाहिजे. छातीइतकं. नाही दिसलं तर बघ, मी कोरड्यावर दिलेला शब्द कोरड्यावरच परत घेईन. अरे, वर जमिनीवर आम्ही चौघी एकमेकींशी बोलायचं तरी काय?" आणि टॉवेल गुंडाळून चौघी गेल्या. मी मात्र तलावाच्या तळाशी पालथा पडलो तो अजून तसाच आहे, आनंदाने.

आईला यातलं काही सांगू नकोस. काकांना नमस्कार, शत्रूवर लक्ष असू दे.

तुझा,
पाण्याच्या क्षेत्रातला भाचा

ता. क. आता पत्र लिहिण्याचं कारण. काकांचे पाण्याचे टँकर अजून चालतात ना? मला आजच हवेत. लागतील तेवढे. नळाने हा तलाव भरायला पुढचा शनिवार उजाडेल. मॅनेजरने बघितलं तर नोकरी गेली, काकूंनी बघितलं तर जन्म गेला. काकांना उठव. झोपले असतील तरी उठव. हे पत्र आपल्या ओळखीच्या दूधवाल्याच्या गाडीतून पाठवतोय, तो तासाभरात तुझ्या दारात असेल.

ता. क. २. दूधवाला अजून आला नाही, पण ती आली. काकूंनी घरी काय सांगितलं देव जाणे. काठावर उभी राहिली, तळ निरखून बघितला, चपला हातात घेतल्या आणि शिडीने सरळ खाली उतरली. म्हणाली, हे बरं आहे की. आता माझ्याशेजारी बसलीय आणि हे सगळं पत्र वाचतेय. दोन ठिकाणी हसली. "दातवाल्याला बघून घेईन" इथे हसली नाही. म्हणाली, कोणाला बघून घ्यायचं नाही, शेवटची ओळ नीट वाचायची, दोन्ही चष्मे परत करायचे, आणि मग बघू. मी म्हटलं, काय बघू? ती म्हणाली, उद्यापासून संध्याकाळी दुकान बंद करायला कोणीतरी लागतं, शटर जड आहे. मावशी, मी ते शटर एका हाताने ओढीन!

ता. क. ३. दूधवाला गाडी सुरू ठेवून हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत चार खेपा केल्या, बोलणं संपायचं नाव नाही. काकांना उठवलं असशील तर पुन्हा झोपव. टँकर उद्या पाठव. उद्याही सकाळी नको, अंधार पडल्यावर.