देवळाची किल्ली

बाळापूर, ज्येष्ठ वद्य पंचमी, १९४८

रझाकारांच्या लुटालुटीच्या भीतीनं शेजारचा रामजीही आज लेकरं घेऊन पैनगंगेपल्याड वऱ्हाडात गेला. निघताना म्हणाला, "महाराज, तुमी काहून न्हाई येऊन राहिले?"

"यंदा पूजेची पाळी माझी."

"मंग चुलतभावाला किल्ली द्या."

तो तर कधीचाच पळाला! पाळी भाऊबंदांतच फिरते, देवळाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. हे ठरवलं कुणी?

परवाच पेपरात वाचलं, रशियात शेतकऱ्याला सरकारी दाखल्यावाचून गाव सोडता येत नाही. मीच रामजीला वाचून दाखवलं, दोघंही हळहळलो. हळहळायला काय जातं! त्यांना निदान शिव्या द्यायला साहेब तरी आहे. मला कुणीच अडवलेलं नाही. किल्ली माझ्याच कमरेला आहे.